अधोलोक, नरक आणि पुनरुत्थान

मनुष्याचा आत्मा देह टाकताच स्वर्गास किंवा नरकास जातो, आणि हीच शिकवण यहुदी व ख्रिस्ती धर्मांत आरंभापासून अबाधित चालत आली आहे, असा समज सुशिक्षितांतही इतका रूढ आहे की, मूळ ग्रंथांचा दाखला काढून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही.

हिब्रू शास्त्रातील ‘शिओल’, ज्यास मराठी पवित्र शास्त्रात ‘अधोलोक’ म्हटले आहे, तो नरक नव्हे. तेथे अग्नी नाही, शिक्षा नाही, पुण्यवान आणि पापी असा भेदही नाही. पुत्रशोकाने व्याकुळ झालेला याकोब आपण शोक करीतच तेथे उतरू असे म्हणतो, आणि एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीने शौल राजासाठी ज्यास बोलावले, तो शमुवेल संदेष्टाही भूमीखालूनच वर येतो. ‘जीव’ किंवा ‘आत्मा’ असा अर्थ केल्या जाणाऱ्या ‘नेफेश’ या हिब्रू शब्दाचेही तसेच: कंठ, श्वास, जिवंत प्राणी असे त्याचे अर्थ असून उपनिषदांतील आत्म्याशी त्याचा मेळ घालणे उचित नाही.

मृतांच्या पुनरुत्थानाची सुस्पष्ट आशा प्रकटते ती दानीएलाच्या ग्रंथात, जो बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पू. 165 च्या सुमारास, चौथ्या अंतियोख राजाने यहुद्यांचा छळ मांडला असता सिद्ध झाला. धर्मासाठी प्राण वेचणाऱ्यास न्याय कोठे मिळणार, या त्या पिढीच्या आर्त प्रश्नास मृतांनी पुन्हा उठण्याचे उत्तर लाभले. यहुद्यांच्या पंथांपैकी परूश्यांनी ते स्वीकारले, सदूक्यांनी नाकारले, आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती श्रद्धेचा सारा भार त्यावरच ठेवला.

राहिला ‘गेहेन्ना’, म्हणजेच नरक. हे जेरुसलेमलगतच्या हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव. तेथे मोलख या दैवतापुढे लेकरे अग्नीत अर्पिली जात, म्हणून योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट केले. तेथे शहराचा केरकचरा अहोरात्र जळत असे, हा सर्रास सांगितला जाणारा खुलासा मात्र इ. स. 1200 च्या सुमारास होऊन गेलेल्या दावीद किमखी या भाष्यकारापलीकडे मागे नेता येत नाही, आणि उत्खननांतही त्यास आधार मिळालेला नाही. नरकातील शिक्षा अनंतकाळची, हेही सर्वमान्य नव्हते: मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात दुष्टांच्या यातनांची मुदत 12 महिने सांगितली आहे, आणि म्हणूनच, आपल्या मातापित्यांची गणना दुष्टांत होऊ नये यासाठी, यहुदी पुत्र त्यांच्यामागे कद्दीशची प्रार्थना 11 महिनेच म्हणतो.