गरज सरो, वैद्य मरो! तेहरानचा शहा आणि वसईचा पेशवा

दिव्याहून वसईला जाणारी गाडी भिवंडी रोडला पकडलीत, तर खारबाव, कामण, जुचंद्र मागे टाकत तुम्ही वसई रोडला उतरता. तिथून पुढे किल्ला. फिरायला, रील बनवायला आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आलेत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या मोहिमेत आपल्याच भिवंडी तालुक्यातल्या अंजूरच्या गंगाजी नाईकांचा मोठा वाटा होता, हे अंजूरफाट्यावरून रोज कॉलेजला जाणाऱ्यांनी तरी ऐकलेलं असतं. पण याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, त्याचं नाव निघालं की परीक्षेतलं उत्तर तेवढं आठवतं. ‘तैनाती फौज स्वीकारली, मराठ्यांचं स्वातंत्र्य गेलं.’ पाच मार्क मिळाले, विषय संपला.

आज या उत्तराला एक पुरवणी जोडू या. ती येते थेट इराणमधून. त्या वेळी इंग्रज त्याला पर्शिया म्हणायचे. ही गोष्ट समजली की वसईचा तह नुसता पाठ करावा लागणार नाही, तो कळेल.

भीती नेपोलियनची

जुलै १७९८ मध्ये नेपोलियन फौज घेऊन इजिप्तमध्ये उतरला. इकडे श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान फ्रेंचांशी संधान बांधून होता. हैदराबादच्या निजामाकडे फ्रेंचांनी तयार केलेली पलटणं होती आणि आपल्या दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पेराँ हाही फ्रेंचच. वर काबूलचा झमानशहा, म्हणजे पानिपतच्या अहमदशहा अब्दालीचा नातू, लाहोरपर्यंत येऊन बसलेला. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानात आला आणि हे सगळे त्याला मिळाले तर? गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने या भीतीपोटी (आणि या भीतीचा फायदा घेऊनही) धडाधड निर्णय घेतले. निजामाची फ्रेंच पलटणं १७९८ मध्येच मोडली. मे १७९९ मध्ये टिपू लढता लढता मारला गेला.

राहिला झमानशहा. त्याला पाठीमागून टोचणारं कुणीतरी हवं होतं. नकाशा उघडून बघा, अफगाणिस्तानच्या पाठीशी कोण आहे? इराण. मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याने आधी मेहदी अली खान नावाचा कंपनीचा वकील इराणच्या दरबारी पाठवला. मग वेलस्लीने आपला खास माणूस निवडला, कॅप्टन जॉन माल्कम.

मुंबईहून निघालेलं जहाज

माल्कम स्कॉटलंडच्या एका शेतकरी घरातला. कंपनीच्या फौजेत निवड झाली तेव्हा तो फक्त १३ वर्षांचा होता. इथे येऊन तो फारसी शिकला आणि त्याच फारसीने त्याचं नशीब काढलं. तेव्हा दरबारांची भाषा फारसी होती. आपल्या पेशवे दफ्तरातसुद्धा करार, वकील, अर्ज, फर्मान हे शब्द आले ते त्याच वाटेने. स्वतः ‘दफ्तर’ हा शब्दसुद्धा!

डिसेंबर १७९९ च्या शेवटी, वयाच्या तिसाव्या वर्षी, माल्कम मुंबईहून जहाजाने निघाला. आखातातल्या बुशेर बंदरात उतरून शिराज, इस्फहान करत तेहरानला पोचायला त्याला नोव्हेंबर १८०० उजाडला. वाटेत त्याने भेटवस्तूंवर इतका सढळ हाताने खर्च केला की पुढे त्याच्या उधळपट्टीवर टीका झाली. पण जानेवारी १८०१ मध्ये फतहअली शहाच्या दरबाराशी त्याने दोन करार केले.

पहिला राजकीय. अफगाणांनी हिंदुस्थानवर स्वारी केली तर शहाने त्यांच्या मुलखात फौज घुसवायची. फ्रेंचांना इराणच्या किनाऱ्यावर किंवा बेटांवर पाय रोवू द्यायचा नाही. बदल्यात अफगाणांनी किंवा फ्रेंचांनी इराणवर हल्ला केला, तर इंग्रजांनी शस्त्रं आणि दारूगोळा पुरवायचा. दुसरा करार व्यापारी. लोकरी कापड, लोखंड, पोलाद, शिसं असा इंग्रज सरकारचा माल जकातीशिवाय इराणात जाणार.

आता पहिला करार पुन्हा वाचा. शत्रू किती? दोन. अफगाण आणि फ्रेंच. दोघेही कुणाचे शत्रू? इंग्रजांचे. इराणचा स्वतःचा खरा शत्रू होता रशिया. त्याच १८०१ मध्ये झारने जॉर्जिया गिळंकृत केला, ज्यावर शहा आपला हक्क सांगत होता. रशियाचं नाव करारात कुठेच नाही.

गंमत म्हणजे इंग्रजांची गरजही शाई वाळते न वाळते तोच संपली. १८०१ मध्येच झमानशहाची गादी गेली आणि इजिप्तमधल्या फ्रेंच फौजेने शरणागती पत्करली.

मुंबईत सुटलेली गोळी

तरीही करार पक्का करायला शहाने आपला वकील हाजी खलील खान मुंबईला पाठवला. कंपनीने त्याच्या मुक्कामी हिंदी शिपायांचा मानाचा पहारा ठेवला. २० जुलै १८०२ रोजी वकिलाचे नोकर आणि शिपाई यांच्यात बाचाबाची झाली, हातघाई झाली, बंदुका चालल्या. भांडण सोडवायला हाजी खलील खान स्वतः बाहेर आला आणि गोळी लागून जागीच मेला.

विचार करा, पाहुण्या देशाचा वकील आपल्याच पहारेकऱ्यांच्या गोळीने मेलाय. वेलस्लीची झोप उडाली. माल्कमला तातडीने मुंबईला धाडलं. शहाकडे माफीची पत्रं गेली, मृताच्या नातलगांना भरघोस पेन्शनी बांधून दिल्या. नुकसानभरपाई एवढी सढळ होती, की ‘या भावाने इंग्रजांनी आणखी दहा वकील मारले तरी चालतील’ असा विनोद शिराजमध्ये कुणी केल्याचं पुढे माल्कमनेच लिहून ठेवलंय.

तारीख मात्र लक्षात ठेवा, जुलै १८०२. इंग्रज मुंबईत ही निस्तरानिस्तर करत होते, तेव्हा यशवंतराव होळकर पुण्याच्या दिशेने येत होते. २५ ऑक्टोबरला हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि कोकणातून इंग्रजांच्या जहाजाने डिसेंबरच्या मध्यावर वसईला पोचला. महिनाअखेर तह झाला.

शहाचं काय झालं?

१८०४ मध्ये रशिया आणि इराणचं युद्ध पेटलं. शहाने इंग्रजांकडे मदत मागितली. पण नेपोलियनविरुद्ध इंग्रजांना रशिया हवा होता. उत्तर आलं, जमणार नाही. करारात रशियाचं नाव होतं कुठे?

चिडलेला शहा मग थेट नेपोलियनकडे गेला. ४ मे १८०७ ला फिंकेनश्टाइनचा तह झाला. जॉर्जिया इराणचा असल्याचं नेपोलियनने मान्य केलं, शहाने इंग्रजांशी संबंध तोडायचं कबूल केलं. जनरल गार्दान फ्रेंच अधिकारी घेऊन तेहरानकडे निघाला. पण तो पोचण्याआधीच, जुलै १८०७ मध्ये, नेपोलियनने टिल्सिटला रशियाच्या झारशी दोस्ती केली. दोन महिन्यांत शहा दुसऱ्यांदा फसला.

गार्दान तेहरानला पोचल्यावर इंग्रजांची पुन्हा धावपळ. १८०८ मध्ये माल्कम परत बुशेरला गेला, पण त्याला तेहरानला येऊच दिलं नाही. हात हलवत परतला. लंडनने वेगळाच वकील पाठवला होता, हारफर्ड जोन्स. तोही मुंबईतच येऊन थांबला होता. कलकत्त्याचं सरकार त्याच्यावर नाराज. एकाच देशाचे दोन वकील एकमेकांचे पाय ओढताहेत, असा प्रकार. शेवटी जोन्सने मार्च १८०९ मध्ये तेहरानला प्राथमिक तह केला. युरोपातल्या कुठल्याही फौजेने इराणवर चाल केली तर इंग्रज फौज किंवा पैसा देणार, असं यात ठरलं. आता तरी रशिया आत आला, असं शहाला वाटलं असणार.

पुढे इंग्रज अधिकारी इराणी फौजेला कवायत शिकवायला आले. त्यात मुंबईच्या फौजेतला कॅप्टन चार्ल्स क्रिस्टी होता. १८१२ मध्ये नेपोलियन रशियावर चालून गेला आणि रशिया पुन्हा इंग्रजांचा मित्र झाला. इंग्रज अधिकाऱ्यांना इराणी फौजेतून बाहेर पडायचे हुकूम सुटले. क्रिस्टी आणि थोडे जण मागे राहिले. अस्लांदुझच्या लढाईत रशियनांनी इराणी फौज उधळली आणि क्रिस्टी तिथेच मारला गेला. १८१३ च्या गुलिस्तान तहाने जॉर्जिया आणि बाकूसह कॉकेशसमधला मोठा मुलूख शहाच्या हातून गेला. तो तह जुळवून आणायला मध्यस्थ कोण? इंग्रजांचाच वकील, गोर औस्ली.

१८१४ मध्ये आणखी एक तह झाला. इराणवर हल्ला झाला तर वर्षाला दोन लाख तोमान मदत, पण आगळीक इराणची नसेल तरच. १८२६ मध्ये पुन्हा युद्ध झालं तेव्हा इंग्रजांनी याच अटीवर बोट ठेवलं. ‘आगळीक तुमचीच, मदत नाही.’ युद्ध हरलेल्या शहाला १८२८ मध्ये रशियाला खंडणी द्यायला पैसे हवे होते. इंग्रजांनी दोन लाख तोमान एकरकमी दिले आणि मदतीचं कलमच कायमचं विकत घेऊन रद्द केलं. गरज सरो, वैद्य मरो!

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर कोण होता? सर जॉन माल्कम.

आणि आपला पेशवा?

आता पुन्हा वसईला येऊ. तहातलं एक कलम असं की इंग्रजांचं ज्या युरोपीय देशाशी युद्ध असेल, त्या देशाचा माणूस पेशव्याच्या चाकरीत राहून इंग्रजांविरुद्ध कारस्थान करताना आढळला, तर पेशव्याने त्याला काढून टाकायचं. रोख फ्रेंचांकडेच. तेहरानच्या करारात जी भीती आहे, तीच इथेही आहे.

फरक एकच, पण तो सगळ्यात मोठा. तेहरान मुंबईपासून लांब होतं, तिथे इंग्रजांना कागद पुरेसा होता. पुणे जवळ होतं, तिथे त्यांनी फौज ठेवली. किमान ६,००० पायदळ कायमचं पेशव्याच्या राज्यात, त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना, आणि इतर सत्तांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. शहाबरोबरचा करार इंग्रज हवा तेव्हा विसरू शकले. पेशव्याला मात्र त्याचा तह एक दिवसही विसरता आला नाही, कारण फौज दारात उभी होती. पुढे नेपोलियन संपला. १८१५ नंतर फ्रेंचांची भीती उरली नाही, तरी फौज गेली नाही. जून १८१८ मध्ये बाजीरावाने शरणागती पत्करली ती याच माल्कमपुढे. वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरली आणि पेशवा बिठूरला गेला.

आता तुमची पाळी

घरी लूम असतील तर हा हिशोब तुम्हाला कुणी शिकवायला नको. पार्टी सूत देते, आपण मजुरीवर कापड विणून देतो. बाजार तेजीत असला की पार्टी दिवसातून चार वेळा फोन करते. मंदी आली की फोन उचलतच नाही. मग आपण कागद शोधतो, आणि त्यात आपल्या नुकसानीबद्दल एक ओळही नसते. फतहअली शहाचं हेच झालं. त्याने शत्रूंची यादी समोरच्याला लिहू दिली.

म्हणून पुढच्या वेळी कुठलाही तह वाचाल, पुस्तकातला किंवा आजच्या बातमीतला, तेव्हा तीन प्रश्न विचारा. हा कुणाच्या भीतीतून झालाय? फौज कुठे राहणार आणि तिचा खर्च कोण देणार? आणि ज्याला आज गरज आहे त्याची गरज उद्या संपली, तर दुसऱ्याच्या हातात काय उरतं? वसईच्या तहावरचं उत्तर या तीन प्रश्नांनी लिहून बघा. दोन्ही तहांचा मूळ मजकूर एचिसनने संपादित केलेल्या जुन्या तहसंग्रहात आहे. कलमं छोटी आहेत, एका बैठकीत वाचून होतात.

आणि माल्कम भेटायचा असेल तर लांब जायला नको. महाबळेश्वरची बाजारपेठ, मालकमपेठ, त्याच्याच नावाची. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर फोटो काढून झाले की जरा टाउन हॉलच्या आत जा. तिथे त्याचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहा, आणि परतीच्या गाडीत भिवंडी येईपर्यंत या तीन प्रश्नांवर मित्रांशी वाद घाला.