घरातल्या घरात बॅकअप

घरात दोन संगणक असतील तर बॅकअपसाठी इंटरनेट लागतच नाही. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले असले की पुरे. पहिली प्रत मात्र वायफायवरून नको, केबल लावूनच घ्या. गिगाबिट केबलवरून सेकंदाला साधारण 110 मेगाबाइट जातात, म्हणजे 500 जीबीचे फोटो-व्हिडिओ सव्वा तासाच्या आसपास पलीकडे पोचतात. राउटरचं पोर्ट जुनं, 100 मेगाबिटचं असेल तर त्यालाच जवळजवळ बारा तास लागतात.

पुढच्या खेपा झटपट उरकतात, आणि खरी गंमत इथेच आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात ‘आरसिंक’ हे सॉफ्टवेअर लिहिलं, ते इथे कामी येतं. ते आधी फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघतं. दोन्ही जुळले तर फाइलला हातही लावत नाही. बदललेल्या फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाची छोटी आकडी खूण काढली जाते, दोन्हीकडच्या खुणा ताडून फक्त नवा भाग पाठवला जातो.

बॅकअपचं फोल्डर मुख्य संगणकाला कायमचं जोडून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो ती प्रतही कुलूपबंद करतो. दुसऱ्या संगणकानेच फाइली ओढून घ्याव्यात. आणि अधूनमधून एखादी फाइल तिथून परत आणून, उघडून बघा.