हिवाळी पक्षिनिरीक्षण आणि पिसाऱ्यातील असाधारण रंग

प्रस्तावना
महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्षिनिरीक्षणाचा प्रमुख काळ होय. नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांवर या काळात स्थलांतरित पक्षी येतात आणि महाविद्यालयांच्या अभ्याससहलीही तेथे जातात. वाटेत एखादी पांढरी साळुंकी किंवा पंखात पांढरी पिसे असलेला कावळा दिसला, की त्याची नोंद सहसा 'अल्बिनो' अशी केली जाते. ही नोंद बहुधा चुकीची का ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रंगबदलाची कारणे
पिसांतील काळा, राखाडी, तपकिरी व तांबूस रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. आनुवंशिक दोषामुळे टायरोसिनेज हे विकर निष्क्रिय असल्यास मेलॅनिन मुळीच तयार होत नाही, हाच अल्बिनिझम. अशा पक्ष्याचे डोळेही लालसर दिसतात आणि दृष्टी अधू असते. परिणामी तो निसर्गात फार काळ तग धरत नाही. प्रौढ अल्बिनो पक्षी म्हणूनच अत्यंत दुर्मीळ असतो.

ल्युसिझममध्ये जन्मतःच रंगपेशी त्वचेच्या काही किंवा सर्व भागांत पोहोचत नाहीत. तेथील पिसे पांढरी उगवतात, मात्र डोळे गडदच राहतात. तिसऱ्या प्रकारात पक्षी सामान्य रंगाचा जन्मतो आणि पुढे प्रत्येक पीसगळतीनंतर त्याची पांढरी पिसे वाढत जातात. याखेरीज वाढीच्या वयात निकृष्ट अन्न मिळाल्यानेही पिसांत रंग भरत नाही. शहरी कावळ्यांच्या पंखांतील फिकट पट्टे अनेकदा यामुळे असतात. पुढे पुरेसा आहार मिळाल्यास नवी पिसे काळी येतात.

नोंदीपूर्वीची पडताळणी
प्रत्येक अपरिचित रंग हा दोष नसतो. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके पांढरे असते व डोळ्यामागे केवळ गडद ठिपका उरतो. रोहित पक्ष्याची पिल्ले गुलाबी नसून करड्या-तपकिरी रंगाची असतात. समुद्र बगळा तर काळपट व पांढरा अशा दोन्ही रूपांत आढळतो. म्हणून ऋतू, वय आणि जातीतील नैसर्गिक रूपभेद प्रथम तपासावेत. त्यानंतर डोळे, चोच व पाय यांचा रंग आणि पांढरी पिसे शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखी आहेत किंवा कसे, हे लिहावे. कारण निश्चित नसेल तेथे केवळ वर्णन करावे, नाव देऊ नये.

निष्कर्ष
आनुवंशिक दोष, वाढते वय आणि कुपोषण या तीन भिन्न बाबी आहेत. त्या सर्वांना एकच नाव दिल्यास कावळ्यांच्या निकृष्ट आहाराची खूणदेखील केवळ नवलाची गोष्ट ठरते. दुर्मीळ दर्शनाच्या आनंदाला अचूक वर्णनाची जोड मिळाली, तरच विद्यार्थ्यांची टिपणवही पुढील अभ्यासकांसाठी विश्वसनीय साधन ठरू शकेल.