जपानी पटाशीची घडण आणि तिची नावे

व्यवसायातील शब्दांचे अर्थ देताना कोशकारापुढे एक अडचण वारंवार उभी राहते. कारागीर ज्या दोन वस्तू कटाक्षाने वेगळ्या मानतो, त्या दोहोंना कोशात एकच प्रतिशब्द मिळतो. जपानी सुताराच्या पटाशीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

जपानी भाषेत पटाशीला ‘नोमी’ म्हणतात. परंतु लाकडी घरांचे सांगाडे उभारणारा सुतार ‘तताकीनोमी’ आणि ‘त्सुकीनोमी’ यांत कधीही गल्लत करीत नाही. कोशात मात्र दोन्ही ‘पटाशी’च ठरतात. हा भेद समजण्यासाठी लोहाराच्या भट्टीपर्यंत जाणे आवश्यक आहे.

हाताने घडविलेल्या जपानी पटाशीचे पाते दोन धातूंचे असते. धारेच्या बाजूस अधिक कर्बयुक्त पोलादाचा पातळ थर आणि त्यामागे मऊ लोखंड. लोखंड तापवून त्यावर टाकणखाराचे मिश्रण पसरतात, पोलादाचा तुकडा ठेवतात आणि पुन्हा तापवून घणाच्या घावांनी दोन्ही एकजीव करतात. पोलादाला ‘हागाने’ म्हणजे ‘धारेचा धातू’, तर मऊ लोखंडाला ‘जिगाने’ म्हणजे ‘पायाचा धातू’ अशी नावे आहेत. दोहोंतही ‘काने’ (धातू) हा शब्द असून समासात त्याच्या आद्य ‘क’चा ‘ग’ झाला आहे. संपूर्ण पाते पाणी दिलेल्या कठीण पोलादाचे केले, तर ते आघाताने तुटण्याचा संभव अधिक. शिवाय ते दगडावर लावणे कष्टाचे होते. मऊ लोखंड आघात सोसते व सहज झिजते. पात्याची सपाट बाजू मध्यभागी किंचित पोकळ ठेवलेली असते, ती याच कारणाने : कठीण पोलादाचा थोडाच भाग घासावा लागतो.

येथवर दोन्ही हत्यारे समान आहेत. पुढे मात्र वाटा भिन्न होतात. तताकीनोमीवर लोखंडी हातोडीचे घाव पडावयाचे असतात. म्हणून तिचे पाते व दांडा जाड असतात आणि मुठीच्या माथ्यावर, लाकूड फाटू नये म्हणून, लोखंडी कडे बसविलेले असते. त्सुकीनोमीला असे कडे नसते. तिची मूठ लांब, पाते तुलनेने पातळ व धारेचा कोन लहान असतो. ती दोन्ही हातांनी रेटून खाचेच्या भिंती तासून गुळगुळीत करावयाच्या. तिच्यावर हातोडी मारणे म्हणजे हत्यार बिघडविणे होय.

आता नावांकडे वळू. ‘तताकू’ म्हणजे ठोकणे आणि ‘त्सुकू’ म्हणजे टोकाने रेटणे. या धातूंची रूपे ‘नोमी’स जोडून हे समास झाले आहेत. अर्थात, हत्याराला बळ कसे द्यावयाचे, ही सूचनाच नावात अंतर्भूत आहे. कड्याचे असणे वा नसणे हे त्या क्रियापदाचेच लोखंडातील रूप होय.

मराठीतही क्रियेवरून साधनाचे नाव पडते. पण ते निराळ्या रीतीने. लाटण्याचे साधन ‘लाटणे’, उलथण्याचे ‘उलथणे’. त्याचप्रमाणे लाकडात भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार ‘विंधणे’. पाणिनीने करण या अर्थी सांगितलेल्या ‘ल्युट्’ प्रत्ययाची (३.३.११७) ही परंपरा आहे. मात्र येथे क्रियेचे फल सांगितले जाते, बळाची रीत नव्हे. ‘विंधणे’ ठोकावयाचे की रेटावयाचे, हे शब्द सांगत नाही. ते सुताराचा हात जाणतो.

याच कारणाने केवळ शब्दांची यादी करून भागत नाही. जपानमध्ये आज बहुतेक लाकडी घरांचे सांधे कारखान्यात यंत्राने कापून येतात. मंदिरांच्या जीर्णोद्धारात हातची पटाशी अद्याप चालते, आणि लाकडी वास्तूंच्या जतनाची ही कौशल्ये २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. जपानी नावाने हत्याराच्या वापराची निदान एक खूण तरी राखली आहे. आपल्याकडे ती खूण शब्दात नाही. सुताराचा हात थांबला, की ‘विंधणे’ कोशात राहील आणि ते कसे धरावयाचे हे मात्र नाहीसे होईल. म्हणून व्यवसायशब्द गोळा करणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक नावापुढे हत्याराची मूठ, माथा, पाते आणि ते चालविण्याची रीत यांचीही नोंद करावी, हे इष्ट होय.