भरल्या दुनियेतले एकांडे शिलेदार

हिवाळ्यात युरोपातल्या सर्व्हरवर रात्री आठची रेड, म्हणजे अनेकांनी मिळून करायची मोठी मोहीम, ठरते, तेव्हा रायपुरात साडेबारा वाजलेले असतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा सर्व्हर भारतात नाही. चौबे कॉलनीतल्या किंवा तात्यापाऱ्यातल्या मुलाला सकाळी कॉलेज असतं, घर झोपलेलं असतं, माइकवर मोठ्यानं बोलायची सोय नसते. मग रेड सोडून तो एकटाच जंगलात हिंडतो, वनस्पती गोळा करतो, जमेल तेवढे क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या कामगिऱ्या, उरकतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात ‘सोलो’ राहणाऱ्याला माणूसघाणा ठरवण्याआधी त्याचं घड्याळ बघायला हवं. आणि अंतरही, कारण सर्व्हर जितका दूर तितका खेळ अडखळतो. रायपूरपासून युरोपातलं फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे सात हजार किलोमीटर आहे, सिंगापूर त्याच्या निम्म्याहून कमी. मोबाइलवरही चालणाऱ्या ‘अल्बियन ऑनलाइन’नं मार्च २०२३ मध्ये सिंगापुरात आशियासाठी सर्व्हर सुरू केला. तिथे रात्रीचे दहा म्हणजे रायपुरात संध्याकाळचे साडेसात. गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, जायचं की नाही, हे बरेचदा स्वभावाइतकंच अशा हिशेबावर ठरतं.

सुरुवातीच्या खेळांत मात्र एकट्याला फारसा थारा नव्हता. मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये सहा जणांची पार्टी जमवावी लागे. मार अंगावर घेणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि शत्रूवर तुटून पडणारे बाकीचे. नेक्रोमॅन्सरसारखे मोजके वर्ग सोडले, तर एकट्यानं पुढे सरकणं जिकिरीचं होतं. मेलात तर मिळवलेला अनुभव वजा होई, सामान प्रेतापाशीच राही आणि ते परत आणायला पुन्हा सोबती लागत. मैत्री इथे गरजेतून जमायची, पण जमायची खरी.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं ही सक्ती सैल केली. साठाव्या लेव्हलपर्यंत एकट्यानंही पोचता येई. चाळीस जणांच्या रेड त्यानंतर. पार्क या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या निकोलास दुशनो, निक यी आणि सहकाऱ्यांनी या खेळातल्या सव्वा लाखाहून अधिक पात्रांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. लेव्हल चढताना लोक बहुतांश वेळ एकटेच खेळत होते. गटानं खेळण्याचं प्रमाण वाढत होतं ते शेवटच्या टप्प्यात.

मग दरमहा पैसे मोजून हजारोंच्या दुनियेत यायचं कशाला? संशोधकांच्या मते भोवतालची माणसं प्रेक्षक असतात, वर्दळ असतात, स्वतःच एक दृश्यही असतात. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात, १९३५ पासूनच्या त्या संस्थेत, एकट्यानं नाटकाला जाऊन मागच्या खुर्चीत बसणारा माणूस घरी टीव्हीसमोर बसलेला नसतो. कष्टानं मिळवलेलं चिलखत घालून भर चौकात उभं राहण्याचं सुख पाहणारं कुणी असेल तरच.

सोबतीचं खरं नुकसान या एकट्या खेळाडूंनी केलं नाही. ते सोयीनं केलं. डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये ‘डन्जन फाइंडर’ आला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप एकत्र येत आणि थेट डन्जनमध्ये, म्हणजे मोहिमेच्या ठिकाणी, पोचत. त्याआधी चॅटवर हाका माराव्या लागत, हीलर मिळेपर्यंत थांबावं लागे, दारापर्यंत चालत जावं लागे. त्या रेंगाळण्यातच ओळखी होत. आता कुणी चकार शब्द न काढता मोहीम संपवतं आणि पुन्हा कधी भेटतही नाही. पाच जण असूनही तो एकट्याचाच खेळ झाला. तासभरच मोकळा असलेल्यांना त्यानं दार उघडून दिलं हे मान्य. पण मोजावी लागलेली किंमत मोठी होती.

ती किंमत कळते नॉर्वेच्या मॅट्स स्टीनच्या कहाणीतून. स्नायूंच्या असाध्य आजारामुळे व्हीलचेअरवर असलेला हा तरुण २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. मुलगा खोलीत एकटाच राहिला, असं आईवडिलांना वाटे. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी लिहिली आणि अनोळखी लोकांचे मेल येऊ लागले. वॉरक्राफ्टमध्ये ‘इबेलिन’ या नावानं तो ‘स्टारलाइट’ गिल्डमध्ये वावरत होता. लोकांची भांडणं मिटवत होता, दुखणी ऐकत होता. गिल्डमधले काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला, त्याला मोठा आधार होता गिल्डनं जपलेल्या गप्पांच्या नोंदींचा. बटण दाबून जमलेल्या पाच जणांत असा गोतावळा तयार होणं अवघडच.

उलट्या टोकाला ‘रूनस्केप’ या खेळातले आयर्नमॅन. कुणाकडून काही विकत घ्यायचं नाही, मदत घ्यायची नाही, असा नेम काही खेळाडूंनी आधी स्वतःच स्वतःला घालून घेतला. २०१४ मध्ये कंपनीनं तो खेळात अधिकृत केला: चॅटमध्ये नावाशेजारी शिरस्त्राणाचं चिन्ह आणि गुणवत्तायादीही वेगळी. सात वर्षांनी, २०२१ मध्ये, ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये आयर्नमॅनचाच नवा प्रकार आला. दोन ते पाच जणांनी मिळून खेळायचं, देवाणघेवाण फक्त आपसात, बाहेरच्या बाजाराशी व्यवहार बंद.