गोठता गोठता राहिलेला स्फटिक

ज्या पदार्थांतून वीज वाहत नाही ते विजेच्या बाबतीत अगदीच उदासीन असतात, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. धारित्राच्या दोन पत्र्यांमध्ये अभ्रकाचा तुकडा बसविला, तर तेवढ्याच विद्युत् दाबास त्या पत्र्यांवर कित्येक पट अधिक भार मावतो. ही वाढ किती पट झाली ते सांगणाऱ्या आकड्यास अपारक स्थिरांक म्हणतात. अभ्रकाचा हा आकडा सुमारे ६ आहे. स्ट्रॉन्शियम टिटॅनेटाचा नेहमीच्या तापमानास सुमारे ३००; आणि तोच स्फटिक द्रव हेलियमाच्या थंडीत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ४ अंशांवर नेला, तर २०,०००हून अधिक!

काही स्फटिकांतील धन व ऋण भार बाहेरील विद्युत् क्षेत्रावाचूनही एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात, आणि उलट दिशेने पुरेसे क्षेत्र लावले की त्यांची दिशाही पालटते. जोसेफ व्हॅलासेक यांनी १९२० साली रोशेल लवणात हा गुण दाखविला. लोहचुंबकाशी असलेल्या साम्यामुळे अशा स्फटिकांस लोहविद्युत् हे नाव पडले. रोशेल लवणात लोखंडाचा अंशही नाही, तेव्हा वाचकांनी नावावर जाऊ नये. बेरियम टिटॅनेट तापविल्यास सुमारे १२० अंश सेल्सिअसला हा गुण नाहीसा होतो. यासच अवस्थांतर म्हणावयाचे.

स्ट्रॉन्शियम टिटॅनेट हा त्याचा सख्खा भाऊ. घनाच्या आठ कोपऱ्यांवर स्ट्रॉन्शियम, मध्यभागी टिटॅनियम आणि सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन, अशी त्याची रचना. तापमान उतरू लागले की टिटॅनियमला मध्यभागी खेचून धरणारी ओढ सैल पडत जाते, म्हणूनच स्थिरांक वाढतो. या वाढीवरून हिशेब केला, तर ३५ ते ४० केल्विनच्या आसपास टिटॅनियमने एका बाजूस सरकून तेथेच गोठावयास हवे. ते गोठत नाही. १०५ केल्विनला एक अवस्थांतर होते खरे, परंतु त्यात ऑक्सिजनची अष्टफलके केवळ उलटसुलट वळतात. पुढे स्थिरांक चढत जातो आणि अखेर सपाट होतो.

असे का व्हावे? म्युलर व बुर्कार्ड यांनी १९७९ साली दिलेले उत्तर पुंज सिद्धांतातील आहे. निरपेक्ष शून्यालाही अणू पूर्ण स्वस्थ बसत नाही. त्याचे अखेरचे कंपन कोणत्याही थंडीने काढून घेता येत नाही. तेच कंपन टिटॅनियमला एका बाजूस स्थिरावू देत नाही.

मग त्यास थोडा आधार दिला तर? बेड्नोर्झ व म्युलर यांनी १९८४ साली काही स्ट्रॉन्शियम अणूंच्या जागी कॅल्शियम घातले. कॅल्शियमचा अणू आकाराने लहान असल्याने त्या ऐसपैस जागेत तो मध्य सोडून एका बाजूस बसतो, असे मानले जाते. आणि सभोवतालची सैल जाळी त्याच्यामागून कलते. कॅल्शियमचे प्रमाण हजारांत सुमारे दोन होताच स्थिरांकास स्पष्ट शिखर आले. अवस्थांतर घडले होते. एवढ्याशा भेसळीने!

मात्र भेसळीने रचनाही बिघडते, त्यामुळे कंपनाचा दोष निर्विवाद ठरत नव्हता. १९९९ साली जपानमध्ये मित्सुरू इतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतेही परके मूलद्रव्य न घालता नेहमीच्या ऑक्सिजनच्या जागी त्याचाच जड समस्थानिक, ऑक्सिजन-१८, भरला. रासायनिक गुण तेच, वजन तेवढे अधिक. आणि जड अणूचे कंपन थोडे लहान. तो स्फटिक २३ केल्विनला लोहविद्युत् झाला.