आवाज फाटतो तो कसा

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून निघणारा संकेत व्होल्टच्या काही दशांशांएवढाच असतो. त्यावर स्पीकर हलत नाही. आधी प्रीअँप त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) वाढवतो, मग पॉवर अँप स्पीकर ढकलण्याइतकी ताकद देतो. ही सगळी वाट व्हॉल्व्हमधून, म्हणजे ट्यूबमधून, जात असेल तर अँप्लिफायर ‘ऑल-ट्यूब’. ट्रान्झिस्टर आणि आयसींतून जात असेल तर ‘सॉलिड स्टेट’.

सौम्य वाजवताना या दोन वाटांतला फरक कानाला फारसा जाणवत नाही. तो उघडा पडतो आवाज फाटू लागल्यावर, आणि गिटारवादक तर मुद्दाम फाडतोच. अँप आपल्या मर्यादेला टेकला की लहरीचा माथा कापला जातो. १२एएक्स७ सारखा व्हॉल्व्ह तो हळूहळू गोलाई देत दाबतो. भरपूर ऋण प्रतिपोष (निगेटिव्ह फीडबॅक) दिलेला ट्रान्झिस्टर अँप शेवटपर्यंत सरळ राहतो आणि मग माथा एकदम सपाट छाटतो. माथा कापला की मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्मतात. मंद्र षड्जाचा दुसरा उपस्वर मध्य षड्ज, तिसरा मध्य पंचम, पाचवा तार गंधार. हे सगळे मूळ स्वरात मिसळून जातात. सातवा मात्र कोमल निषादाच्या जवळ, पण त्याहून उतरलेला, आणि त्यापुढचे बरेचसे बेसूर. एकदम छाटलेल्या लहरीत हे वरचे उपस्वर जोरदार असतात, म्हणून ती कर्कश लागते.

‘व्हॉल्व्ह सम उपस्वर देतो, ट्रान्झिस्टर विषम’ हे मात्र अर्धसत्य आहे. प्रीअँपमधला एकेरी ट्रायोड व्हॉल्व्ह दुसरा उपस्वर देतो खरा. पण पॉवर अँपमध्ये ईएल३४ सारखे व्हॉल्व्ह बहुधा पुश-पुल जोडीने काम करतात आणि तिथे निर्माण होणारे सम उपस्वर एकमेकांना खोडतात.

स्पीकरशी असलेलं नातंही वेगळं. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो, स्पीकर असतो ४, ८ किंवा १६ ओहमचा. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर येतो. स्पीकरचा संरोध (इम्पिडन्स) सर्व कंप्रतांना सारखा नसतो. जिथे तो वाढतो तिथे, म्हणजे खर्जातल्या एका ठिकाणी आणि टिपेला, व्हॉल्व्ह अँपचा दाबही वाढतो. सर्वसाधारण ट्रान्झिस्टर अँप दाब धरून ठेवतो. १९७५ सालच्या रोलँड जेसी-१२० या ट्रान्झिस्टर अँपची ख्याती स्वच्छ, न फाटणाऱ्या आवाजाची.

‘ऑल-ट्यूब’ या पाटीवर फार विसंबू नये. अशा अनेक अँपमध्ये रेक्टिफायर डायोडचा असतो, रिव्हर्बला आयसी असते. काही अँप तर उघडपणे मिश्र असतात: मार्शलच्या व्हॅल्व्हस्टेट मालिकेतल्या बऱ्याच अँपमध्ये प्रीअँपला एक व्हॉल्व्ह आणि पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा; जुन्या म्युझिक मॅन अँपमध्ये नेमकं उलट.

निवड केवळ आवाजावर ठरत नाही. पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरकडच्या वरातींत बँजो वाजतो, म्हणजे पिकअप बसवलेलं बुलबुलतरंग. त्याचाही संकेत तारांच्या कंपनातून येतो, पण वरातीच्या गाडीवर व्हॉल्व्ह अँप परवडणारा नाही. त्याच्या प्लेटला ३०० ते ४५० व्होल्ट लागतात, फिलामेंट सतत तापत ठेवावी लागते, आणि काचेचा व्हॉल्व्ह खड्ड्यांत हादरला की तो हादराही स्पीकरमधून ऐकू येतो. ट्रान्झिस्टर अँप गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालवता येतो.